ड्वेनच्या हातची पाटी

९ मार्च
आज पाक करपला. चाळीस बादल्या मेपलच्या झाडांचा रस, दोन दिवसांचा जाळ, आणि सगळं काळंठिक्कर!

दर मार्चात आमच्या शेडमध्ये रस उकळायचा, हा तीस वर्षांचा शिरस्ता. ड्वेन लाकडं सारतो, समोरच्या घरातला चेस्टर फेस काढतो, मी सँडविच नेऊन देते. रेडिओवर बातमी लागली होती, आपल्या विमानांनी रात्री तिकडे बाँब टाकले. तिकडे म्हणजे पाच वर्षांपूर्वी टाकले होते तिथेच. ड्वेन म्हणाला, बरं झालं, कोणीतरी हिंमत दाखवली. चेस्टरने झारा खाली ठेवला. म्हणाला, शुद्ध वेडेपणा आहे हा.

मी दारातच थबकले. पाच वर्षांपूर्वी हीच काहील, हेच दोघं — आणि वाक्यं बरोबर उलटी होती! तेव्हा अध्यक्ष गाढव निशाणीवाल्यांचा होता, म्हणजे चेस्टरच्या पक्षाचा. आता हत्तीवाल्यांचा आहे, म्हणजे आमच्या महाशयांचा, ड्वेनचा. बाँब तेच, गावं तीच, मरणारेही तेच. मी हे बोलून दाखवलं तर दोघं एका सुरात म्हणाले, "ते वेगळं होतं." तेवढ्यापुरतं एकमत! मग पुन्हा जुंपली आणि काहिलीकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही.

११ मार्च
लेकीचा, ब्रिटाचा फोन. तिचं नौदलाचं जहाज मे महिन्यात निघणार. कुठे, ते विचारायची गरजच नव्हती. ही पोर जहाजाच्या पोटात इंजिनं दुरुस्त करते, तेवीस वर्षांची आहे, आणि असं सांगत होती जसं शेजारच्या गावी मासे खायला चाललीये. मी "बरं बरं" म्हणत राहिले. मग कपडे धुवायच्या मशीनपाशी जाऊन रडले, मशीन चालू करून.

ड्वेनला सांगितलं. त्याने टीव्हीचा रिमोट हातात घेतला. मग म्हणाला, आपली पोरगी शूर आहे. एवढंच. आणि टीव्ही लावला.

१२ मार्च
करपलेल्या बादल्या ठेवायला गेले तर शेडमध्ये त्यांच्यामागे पाटी सापडली. ड्वेनच्या हातची, पाच वर्षांपूर्वीची. "ही आपली लढाई नाही. पोरांना घरी आणा." हिरव्या रंगात, ठसठशीत. जन्मभर जिल्ह्याच्या रस्ते खात्यात पाट्या रंगवल्या त्याने. "पुढे वळण आहे", "पूल निसरडा आहे" — पंचक्रोशीत त्याचं अक्षर कोण ओळखत नाही?

पाटी आणून स्वयंपाकघरात फ्रिजला टेकवून ठेवली. आला, बघितली, तिला वळसा घालून दूध काढलं.

मी विचारलं, हे खोटं होतं का? म्हणाला, तेव्हाच्या लोकांना आपण काय करतोय तेच कळत नव्हतं. मग आताच्यांना कळतं? हो. कोणी सांगितलं तुला? तर म्हणे, दिसतंच आहे! काय दिसतं? मला तर फक्त माझी पोर दिसते.

१३ मार्च
रागारागात समोर गेले. म्हटलं चेस्टर शिकलेला, शाळेत इतिहास शिकवलेला, ह्याच्याशी तरी दोन शब्द बोलता येतील. विचारलं, मागच्या वेळी तू वर्गात पोरांना काय सांगायचास आठवतंय? देशाने बोलावलं की जायला हवं. ते ऐकूनच ब्रिटा नौदलात गेली ना? त्याने चष्मा पुसला. म्हणाला, अर्लिस, तेव्हा नाइलाज होता, आताचा नुसता माज आहे.

मी उठले तर दारापर्यंत आला. अडखळत विचारतो, तुमच्याकडची ती जुनी पाटी अजून आहे का? त्याला अंगणात लावायची होती. स्वतःचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं, म्हणून!

मी घरी आले, पाटी उचलली, नेऊन दिली. घे म्हटलं.

१४ मार्च
ड्वेन सकाळी वर्तमानपत्र आणायला बाहेर गेला आणि रस्त्याकडे बघत उभाच राहिला. समोरच्या अंगणात त्याचंच अक्षर. आत येऊन म्हणाला, कोणी दिली? मी म्हटलं, मी. त्याने वर्तमानपत्र उघडलं. करणार काय? पाटी परत मागायची तर ती आपली आहे म्हणून सांगावं लागेल!

१७ मार्च
आज शुक्रवार, क्लबात माशांचं जेवण. जो तो आमच्या टेबलाशी थांबून म्हणे, ड्वेन, अक्षर मात्र झकास हं. दुसरी ब्रँडी प्यायल्यावर त्याचे कान लाल झाले. मला हसू दाबता दाबता पुरेवाट झाली. गाडीत बसल्यावर एकदम हसू गेलं.

१९ मार्च
कहर झाला. चेस्टरने माझं ॲपल पायचं भांडं धुऊन परत पाठवलं आणि त्याबरोबर त्याचा जुना, विकत आणलेला फलक! "आपल्या सैनिकांच्या पाठीशी उभे राहा." सोबत निरोप — मला आता लागत नाही, पडून खराब होईल, ड्वेनला चालेल.

चालला! दुपारी लावलासुद्धा. वर मला म्हणतो, लाकूड चांगलं आहे.

६ मे
ब्रिटा चार दिवस रजेवर आलीये. गाडीतून उतरली, आधी आमचं अंगण बघितलं, मग समोरचं. आणि पोट धरून हसली. बाबांची पाटी चेस्टरकाकांकडे, काकांची आपल्याकडे! गवतावर बसून हसली. मीही तिच्याबरोबर बसले.

९ मे
उद्या जाणार. तिच्या आवडीचा बटाट्याचा गरम पदार्थ केला, वरून खूप चीज. चेस्टरलाही बोलावलं. दोघं पुरुष माणसं हवेबद्दल बोलत होती.

ब्रिटाने काटा खाली ठेवला. म्हणाली, "बाबा, ती पाटी रंगवताना डबा मी धरला होता. तुम्ही म्हणाला होतात, कोणाच्याही पोरीला तिकडे पाठवायला नको. ते खरं होतं का? एकदाच सांगा. मी जाणार तर आहेच, फक्त मला कळू दे."

ड्वेन ताटाकडे बघत म्हणाला, आता परिस्थिती वेगळी आहे, बाळा.

मग ती चेस्टरकडे वळली. "आणि काका, तुम्ही वर्गात सांगितलंत ते?" चेस्टर खोकला. परिस्थिती वेगळी आहे, असं त्याच्याही तोंडून निघालं.

"बरं," म्हणाली पोर, आणि सगळ्यांना आणखी वाढलं. मला दोघांना थोबाडावंसं वाटलं.

१० मे
गेली.

२२ जुलै
तिकडे एका जहाजावर ड्रोन आदळलं. तिचं जहाज नाही, हे कळायला दुपार उलटली. ड्वेन शेडमध्ये जाऊन रिकाम्या काहिलीपाशी बसला. थोड्या वेळाने चेस्टर रस्ता ओलांडून आला आणि त्याच्या शेजारी बसला. मी खिडकीतून बघत होते. म्हटलं, आता. आता दोघांना काहीतरी कळेल.

२३ जुलै
काही कळलं नाही. ड्वेनने फलकाशेजारी झेंडा लावला. चेस्टरने पाटी पुढे, अगदी रस्त्याकडेला आणली. दगड बरे!

१६ सप्टेंबर
आज हात जोडले मी ड्वेनपुढे. खरंच जोडले. म्हटलं, पाटी राहू दे, झेंडा राहू दे, मत कोणालाही दे. फक्त रविवारी तिचा फोन आला की ते वाक्य म्हण. ही आपली लढाई नाही, तू घरी ये. ती त्याचीच वाट बघतेय. त्यामुळे काही ती आज्ञा मोडून परत येणार नाही, पण बापाच्या मनात काय आहे ते तरी तिला कळेल.

तो म्हणाला, असं म्हटलं तर त्या गाढववाल्यांच्या टीकेला बळ मिळेल. निवडणूक तोंडावर आहे.

बाप आणि लेक फोनवर बोलणार, त्यात टीकेला कुठून बळ मिळतं? टीकाकार काय आमच्या फ्रिजमध्ये बसलेत?

१७ सप्टेंबर
आज रविवार. तो तिच्याशी हरणांच्या शिकारीबद्दल बोलला.

५ नोव्हेंबर
आज फोन नाही. जहाजावरचे फोन, इंटरनेट सगळं बंद ठेवलंय म्हणे. असं करतात तेव्हा काहीतरी चाललेलं असतं. मी भांडी पुन्हा पुन्हा घासतेय.

७ नोव्हेंबर
मतदान केलं. कोणाला, ते ह्या वहीलाही सांगणार नाही.

८ नोव्हेंबर
हत्तीवाले हरले. ड्वेन जेवला नाही. समोर चेस्टरच्या घरात सगळे दिवे लावलेले.

१० नोव्हेंबर
मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहिते. सकाळी ड्वेन फलक उपटून रस्त्याच्या मध्यापर्यंत गेला. समोरून चेस्टर पाटी घेऊन आला. अदलाबदल केली. हात मिळवले! येत्या मार्चात रस लवकर उतरेल असं वाटतं, असंही बोलले. नवा अध्यक्ष अजून खुर्चीवर बसायचाय, जानेवारीपर्यंत तरी दम धरायचा!

मी विचारलं, हे काय? तर ड्वेन डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, त्या लोकांच्या हाती आपली पोर द्यायची? खरंच पाणी होतं. तेच मला सहन होईना.

१२ नोव्हेंबर
फोन आला! सुखरूप आहे. आठवडाभर कसलीच खबर नव्हती, बाहेरच्या जगाचं काही माहीत नाही म्हणाली. मी बोलतेय तोच ड्वेनने फोन घेतला. म्हणाला,

"बाळा, ही आपली लढाई नाही. तू घरी ये."

आठ महिने मी ज्यासाठी जीव टाकला, तेच वाक्य. शब्द न् शब्द. मी खुर्ची ओढून बसले.

पलीकडून ब्रिटा म्हणाली,

"म्हणजे आपण निवडणूक हरलो वाटतं, बाबा?"