मेणातली आई

सोमवार, ४ मार्च
सापडली! लॅबमधलं जुनं कपाट आज रिकामं करायला काढलं – दहा वर्षांपलीकडचे ब्लॉक सगळे जाळायला जाणार. नुसत्या मेणाच्या वड्या, प्रत्येकीत कुणाच्या तरी शरीराचा नखाएवढा तुकडा. खालच्या खणात आईचा नंबर – तिच्या ऑपरेशनच्या वेळचा. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन मी तो. आजूबाजूला कुणी नव्हतं. ती वडी सरळ एप्रनच्या खिशात टाकली. दिवसभर हात खिशातच.

मंगळवार, ५ मार्च
आईच्या रुमालात गुंडाळून घरी माझ्या कपाटात ठेवलीय. कामाला निघताना म्हटलं, "येते गं." वेड लागलंय मला!

बुधवार, ६ मार्च
जेवताना बाबांचं नेहमीचं – "पॅथॉलॉजी, पॅथॉलॉजी करतेस, म्हणजे नक्की काय गं?" सांगितलं, रोगाचा अभ्यास. तो कशाने होतो, कसा पसरतो, शरीराची काय वाट लावतो.
"आणि माणसाचा?"
त्याला दुसरी डॉक्टर मंडळी असतात, म्हटलं. "हं," म्हणाले आणि ताटातलं चिवडत बसले. चिडले मी. आई गेल्यापासून यांना माझ्या कामाचा रागच आहे. आई घरात आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं.

शुक्रवार, ८ मार्च
घरात कुणीतरी आहे असं वाटत राहतं. भीती नाही वाटत. बरं वाटतं.

सोमवार, ११ मार्च
लॅबच्या मॅडमना सांगून टाकलं. वाटलं, झापतील. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "अगं वेडे, त्यात आई कुठली? गाठ आहे ती."
गाठच! कापून ठेवतो ती रोगाचीच जागा – रोज माझ्याच हातांनी करते मी हे, आणि कळू नये? जिने आईला वर्षभर पोखरलं, तिलाच मी रोज "येते गं" म्हणत होते. घरातलं ते कुणीतरी – ते हे होतं! कपाट उघडायची हिंमत होत नाही. उद्या नेऊन जाळायला देते. बाबांना कळता कामा नये.

मंगळवार, १२ मार्च
कपाटात रुमाल नाही. बाबांच्या उशाशी होता. "तू कपाटाशी बोलतेस, ते काय मला ऐकू येत नाही? तीच आहे ना?" किती वर्षांनी उन्हं वर येईपर्यंत झोपले होते. चेहरा केवढा निवांत!
"हो बाबा," म्हटलं. "तीच."