जुन्या मशीनवरचं कापड

मंगळवार, संध्याकाळ

नेपियर टाउनच्या दवाखान्यातून आलो, पण डोकं अजून तिथंच आहे. पेशंटच्या नोंदींचं आपलं सॉफ्टवेअर डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर उघडेचना. एकच एरर, फाइल सापडत नाही. डॉक्टर म्हणाले, "भैया, चेक नहीं किया था क्या?" आणि मी सगळ्या पेशंटसमोर, सोबत आलेल्या ऑफिसातल्या वर्षाताईंकडे बोट दाखवलं. "चेकिंग इनका काम है."

ताई तिथूनच ऑटो करून सरळ घरी गेल्या.

ऑफिसात येऊन जुन्या मशीनवरचं, म्हणजे चेकिंगच्या कॉम्प्युटरवरचं, फुलाफुलांचं कापड काढलं. ताईंनीच शिवलेलं. त्या मशीनवर आमची एकही फाइल नसते, म्हणून बाहेर जाणारा प्रत्येक सेटअप आधी तिथं टाकून पाहायचा, हा ताईंचा नियम. काल म्हणाल्या होत्या, "काहून एवढी घाई करून राहिला? कापड काढायला किती वेळ लागते?" मी म्हणालो, माझ्या मशीनवर चालून राहिलं ना, झालं मग.

सेटअप टाकला. तीच एरर. प्रिस्क्रिप्शनच्या नमुन्याची फाइल माझ्या डेस्कटॉपवरच राहिली होती, सेटअपमध्ये मी घेतलीच नव्हती. माझ्याकडे चालणारच होतं ते!

दुरुस्त केलं, पाठवलं. कापड मांडीवर तसंच ठेवून डॉक्टरांना फोन केला. चूक माझी होती, एवढंच सांगायचं होतं. पण आधी 'आता चालेल' एवढं म्हणालो, तेवढ्यानंच ते खूश झाले. म्हणाले, "चलो अच्छा हुआ. अगली बार उन दीदी को मत लाना."

आणि मी काय म्हणालो? "जी सर."