सशक्त होण्याचा चातुर्मास

२१ जुलै १९६१, अमरावती
अकोल्याचे उद्धवराव वकील गेले. कोर्टात उलटतपासणी घेता घेता खाली बसले, ते उठले नाहीत. माझ्याच वयाचे. मी घाबरलेलो नाही. नाडी पाहिली. जलद. पुन्हा पाहिली. आणखी जलद.

२३ जुलै
ॲमिनो ॲसिडचं टॉनिक आणलं. पत्रकात लिहिलं आहे: स्नायू, रक्त, मज्जातंतू, सगळं यातूनच बनतं. शाकाहारी माणसांना विशेष आवश्यक. म्हणजे मलाच. दुकानदार नत्थुजी म्हणाले, वकीलसाहेब, सारखं मनगट काहून धरून राहिले, नाडी काही पळून नाही जात.
याला विनोद सुचतात.

२५ जुलै
सिंधूने कालच्या एकादशीपासून एकभुक्त धरलं. दुपारी एकदाच जेवणार, कार्तिकीपर्यंत. विचारलं, कशासाठी. म्हणाली, तुमच्यासाठी.
माझा व्रतांवर विश्वास नाही. पण दोन्हीकडून बंदोबस्त असलेला बरा.

९ ऑगस्ट
टॉनिकला सरकीच्या ढेपेचा वास येतो. सिंधू म्हणाली, ढेप खाऊन राहिले तर आता दूधही द्याल.
दंड भरल्यासारखे वाटतात. डॉक्टरांकडे जायचं ठरवलं. तब्येत सुधारली की जाईन.

२६ ऑगस्ट, अकोला
खटल्यासाठी आलो. उद्धवरावांची खुर्ची रिकामी. तिथले वकील बसा म्हणाले. उभाच राहिलो. स्टेशनवर वजन केलं. दोन पौंड कमी. अकोल्याचा काटा.

५ सप्टेंबर
भांडी घासताना सिंधूच्या हातातली पाटली निसटून हौदात पडली. बेफिकीर. शोधण्यात माझी टॉनिकची वेळ हुकली. छातीत धडधड.

१८ सप्टेंबर
सिंधू पाणी घेऊन माडीवर येताना जिन्यातच बसली. म्हणाली, पाय उचलत नाही. टॉनिक पाण्याशिवाय घशाखाली उतरत नाही, म्हणून मीच खाली जाऊन तांब्या घेतला. धाप लागली नाही. गुण येत आहे.

२७ सप्टेंबर, दुपारी
शेवटी डॉक्टरांकडे गेलो. सिंधूला बरोबर नेलं. निदान ऐकताना जवळ कोणी तरी हवं.
माझ्या छातीला नळी लावली. म्हणाले, ठणठणीत. मग तिच्याकडे पाहत राहिले. पापण्या ओढून पाहिल्या, नखं पाहिली. म्हणाले, बाईंच्या अंगात रक्तच नाही, उपास आजपासून बंद.
ती म्हणाली, व्रत मधेच सोडलं तर यांनाच बाधेल.
डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणणार होतो, सोड. कार्तिकी किती दूर आहे ते मनात मोजलं. म्हणालो, बघू.
डॉक्टर म्हणाले, काय बघता.

संध्याकाळी
तिची नाडी धरून पाहिली. सापडायला वेळ लागला. माझी लगेच सापडते.
भीती वाटते. ही उद्धवराव गेले तेव्हासारखी नाही.
व्रत सोड म्हणून उद्या सकाळी सांगायचं. नक्की.
तोवर टॉनिक तरी द्यावं म्हणून बाटली काढली. तळाशी एकच चमचा होता. तिच्यापुढे धरला. म्हणाली, माझं दुपारीच जेवण झालं, आता काही चालत नाही, तुमीच घ्या, नाही तर वाया जाईल.
घेतलं.