चोवीस मासे, उपाशी

४ फेब्रुवारी, मंगळवार

तीन मेले. पाचांतले तीन! काल दुपारी आणले, आज सकाळी पोटं वर. काचेची टाकी लेकीने दिली – "आई, तू रिटायर झालीस, ओरडायला कुणीतरी हवं ना तुला." आता ओरडायला दोघंच उरलेत.

उद्या दुकानात जाते. बत्तीस वर्षं पार्सलच्या खिडकीमागे बसले. फसवलेलं गिऱ्हाईक कसं बोलतं ते रोज ऐकलं आहे. एकदा बोलून बघू.

५ फेब्रुवारी, बुधवार

बोलले. भरपूर. मासेवाली चाळिशीची असेल. कोपरापर्यंत ओली, बोटांना पाण्याच्या सुरकुत्या. मी गरजत होते आणि ती बाई काच पुसत होती. माझा दम संपल्यावर तिने एकच विचारलं.

"मावशी, पिशवी कुठे उघडलीत?"

"बसमध्ये. म्हटलं, जरा श्वास घेऊ देत बिचारे."

तेव्हा कुठे तिने फडकं खाली ठेवलं. मग समजावलं. बंद पिशवीत माशांच्या श्वासाने पाणी आंबट होतं. घाणही त्यातच साचते, पण पाणी आंबट आहे तोवर तिचं विष फारसं बाधत नाही. तोंड उघडलं की कोंडलेली हवा उडून जाते आणि तेच विष जोर धरतं. म्हणून पिशवी बंदच ठेवून टाकीच्या पाण्यावर तरंगवायची, ऊब सारखी झाली की उघडायची, मासा जाळीने चटकन आत घ्यायचा आणि पिशवीतलं पाणी फेकून द्यायचं. आणि मी? उघड्या पिशवीत तासभर डुचमळवत आणले!

थोडक्यात, मीच मारले. दयेने. ती तसं एका शब्दाने म्हणाली नाही. त्याचाच जास्त राग आला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा गेले. (उरलेल्या दोघांचं औषध विचारायला. असं मी लेकीला सांगितलं.)

खोकी नुकतीच उतरली होती. तीस तासांचा प्रवास करून आलेली. मागच्या खोलीत तिने दिवा घालवला, दार लोटलं आणि मला म्हणाली, बोलू नका. मला! आणि मी बोलले नाही. थर्माकोलचं झाकण तिने बोटभरच उचललं. म्हणाली, एकदम उजेड पडला तर घाबरून काचेवर आपटतात. पिशव्यांत मासे फिक्कट, पंख मिटलेले, कल्ले धापा टाकल्यासारखे. तिने एकेक पिशवी पाण्यावर अशी ठेवली की थेंब उडाला नाही. आमच्या ऑफिसात पार्सलं कशी फेकत ते आठवून लाज वाटली.

मी कुजबुजले, आता खायला घालणार ना? तर नाही. आज नाही, उद्याही नाही.

"प्रवासात नाही मरत हो मावशी. प्रवास काढतात कसाबसा. पोचल्यावर मरतात, आपण लाड करायला लागलो की."

या बाईला कुणी शिकवलं? कुणीच नाही. बघून बघून शिकली. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर्सनी इतकं निरखायला शिकवलं असतं तर मी डॉक्टर झाले असते.

१० फेब्रुवारी, सोमवार

आता रोज जाते. लेक म्हणते, पगार देतात का?

तिने स्वतः वाढवलेले डिस्कस मासे दाखवले. बशीएवढे गोल, चपटे, निळ्या रेघांचे. मनावर ताण आला की अंगावर काळे पट्टे उमटतात, लपवता येत नाही. दोन वर्षं वाढवलेत. चार टाक्यांत सहा-सहा. चोवीसही शुक्रवारी दूरच्या एका मत्स्यालयात जायचे आहेत. तिची पहिली मोठी मागणी. जिवंत पोचले तर दर वर्षी तिच्याकडूनच घेणार. मेले तर पुन्हा कुणी विचारणार नाही. हे तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं, पण बोलताना टाकीवरचा हात काढला नाही.

माझाही उपयोग झाला! खोक्यांवर "नाजूक" असा छापील कागद होता. मी म्हटलं, काढ तो. बत्तीस वर्षांत तो वाचलेला माणूस पाहिला नाही. हाताने लिही, मोठ्ठं – "आत जीव आहे." हाताने लिहिलेलं माणसं वाचतात. तिने खडू माझ्याच हातात दिला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

प्रत्येक टाकीवर कागदी पट्टी असते. तिच्या अक्षरात एकच ओळ – शेवटचं खाणं, आणि तारीख. डिस्कसच्या चारही पट्ट्यांवर ११. शुक्रवारपर्यंत कडक उपास. पोट रिकामं असलं की पिशवीतलं पाणी कमी घाण होतं.

कळतं. पण मी जवळ गेले की चोवीसही काचेशी येतात, तोंडं उघडमीट करत. शाळेत शिक्षा म्हणून मला जेवणाशिवाय बसवायचे. पोटातलं ते दुखणं अजून लक्षात आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ती गाडीची चौकशी करायला गेली. दुकानाची किल्ली माझ्याकडे. पहिल्यांदाच.

मी खाऊ घातलं. दोन चिमटी. चारही टाक्यांत – पक्षपात नको म्हणून! दोन मिनिटांत फस्त. डबा होता तिथे ठेवला.

ती आली तेव्हा मी फरशी पुसत होते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगायचं ठरवून गेले. तर तीच म्हणाली, आज गाडीत जागा नाही, रविवारी पाठवू. मला अगदी रडू यायला लागलं. देव आहे म्हणायचा! आता सांगायची गरज उरली नाही.

तिला पिशव्या आणायच्या होत्या. दुपारपर्यंत दुकान मी सांभाळलं. टाक्यांकडे पाठ करून.

१६ फेब्रुवारी, रविवार

पॅकिंग बघितलं. दर माशाला वेगळी पिशवी, पिशवीवर पिशवी, एक भाग पाणी, बाकी प्राणवायू. कोपरे दुमडून चिकटवायचे, नाही तर मासा कोपऱ्यात अडकतो. सगळं अंधुक उजेडात. चोवीस मासे आणि एकाच्याही अंगावर पट्टे उमटले नाहीत. सर्जनचे हात असे असावेत. खोक्यांवर माझं अक्षर.

गाडी गेली. ती रिकाम्या टाक्यांसमोर स्टुलावर बसली. मी चहा केला. माझा तसाच निवला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. मासे अजून वाटेत आहेत. पोचल्यावर सांगणं म्हणजे निकाल बघून कबुली देणं. तसलं कन्फेशन मी शाळेत पुष्कळ केलं आहे.

म्हटलं, गुरुवारी मी खायला घातलं. तुझ्या पाठीमागे. तुझं नाव गेलं तर ते माझ्यामुळे.

"बरं," ती म्हणाली. आणि पाइप धुवायला लागली. बस. त्या "बरं"ने मी दिवसभर भाजले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी फोन आला. चोवीस! सगळे पोहताहेत. उतरवणाऱ्याने विचारलं म्हणे, खोक्यावरचं अक्षर कुणाचं?

तिने फोन ठेवला आणि पहिल्यांदा माझ्यासमोर डोळे पुसले. मी ओरडले इतकंच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

रिकाम्या टाक्या धुतल्या. पट्ट्या सोलायचं काम माझं. चारही पट्ट्यांवर ११ खोडून १३ केलेलं, शेजारी बारीक अक्षरात "मावशी", खाली "रविवारी पाठवणे". शाई जुनी, पाण्याने फुटलेली; म्हणजे गुरुवारीच तिने टाकीच्या तळाची घाण बघून ओळखलं होतं.

गाडीत जागा होती तर.

आणि शुक्रवारी सकाळी तिने किल्ली माझ्याच हातात दिली होती.