पित्ताचे खडे आणि तुमचं ताट

आण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ढाब्यावर तुमचीच रीत चालू आहे. कुणी ताटावर हात आडवा धरला की बोटांच्या फटीतनं आणखी एक भाकरी सरकवायची. नळदुर्गला ट्रक थांबवणारा ड्रायव्हर असो नाहीतर घरची आम्ही पोरं, तुमच्यापुढं कुणाला 'बास' म्हणता आलं नाही. मी तिसरी भाकरी चुरली की तुम्ही गल्ल्यावरनं सगळ्यांना ऐकवायचात, "माझी लेक खाती बी लई आन् राबती बी लई." एकदा एक पाहुणा मला 'म्हैस' म्हणाला. तुम्ही त्याला चकार शब्द बोलला नाहीत, फक्त त्याच्या ताटात वाढायचं थांबलात. तो रिकाम्या ताटापुढं बसून राहिला. तुमच्याकडं याहून मोठी शिक्षा नव्हती, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

तुमच्यामागं गल्ला माझ्याकडं आला आणि तुमचं अंगही. चुलीपासून गल्ल्यापर्यंत येताना धाप लागून तुम्ही ज्या खांबाला टेकायचात, त्याच खांबाला मी टेकायला लागले. एक दिवस टेकल्या टेकल्या वाटलं, आता पुढची पाळी माझी. मग मी कुणाचं न ऐकता सोलापूरला गेले आणि पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं. आई लई चिडली. "बापानं जल्मभर खाऊ घालून भरलेलं पोट तू कापून टाकलंस व्हय गं?" मी म्हटलं, "बाप धापा टाकत गेला, ते इसरलीस का?" पण तिचा राग काही गेला नाही. आता माझं चतकोर भाकरीत भागतं. वजन भराभर उतरलं. चुलीपुढं खाली मांडी घालून बसते मी, आण्णा. कॉलेजात असल्यापासून जमलं नव्हतं ते.

पण चंपाषष्ठीला घात झाला. खंडोबाच्या नैवेद्याचं भरीत आणि तूप घातलेला रोडगा, दोनच घास खाल्ले, आणि उजव्या बरगडीखालनं जी कळ निघाली ती पार पाठीतनं खांद्यापर्यंत गेली. माझी खात्री झाली की पोटाची शिवण उसवली. दवाखान्यात जायचं सोडून मी तोंड दाबून बसले. कशासाठी? तर आई म्हणेल, नाकारलेलं अन्न उलटलं. ओवा चावला, लिंबूसोडा प्याला, गिऱ्हाइकाशी हसून बोलले. कळ थांबायची आणि तुपाचा घास पोटात गेला की परत यायची. मरायची भीती होतीच, पण आपण केलं ते चुकलं, ही भीती त्याहून मोठी होती.

शेवटी आईनंच मला पिठाच्या पोत्यावर मुटकुळं करून पडलेलं बघितलं. तिनं सरळ जीप बोलावली. सोलापूरच्या त्याच डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून सांगितलं, "शिवण शाबूत आहे. पित्ताशयात खडे झालेत. वजन झपाट्यानं उतरलं की होतात कधी कधी. पित्ताशय काढून टाकू." मी विचारलं, "म्हणजे पहिलं ऑपरेशन चुकलं का?" त्या म्हणाल्या, "ते नाही चुकलं. दुखणं लपवलंत, ते चुकलं." मी आईकडं बघितलं. ती पदर खोचून उभी होती. म्हणाली, "काढा मग ती पिशवी. हिला ढाबा सांभाळायचाय."

दुर्बिणीनं काढलं. दवाखान्यानं खडे एका बाटलीत घालून दिले, हरभऱ्याएवढे, काळपट पिवळे. मी फेकून देणार होते, पण आईनं ती बाटली गल्ल्यावर बडीशेपेच्या वाटीशेजारी मांडली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. "माझी पोरगी एवढी दगडं पोटात घिऊन चूल सांभाळत हुती." माणसं बडीशेप न घेताच उठतात. मी तिला रागावते, पण बाटली काही हलवत नाही. खरं सांगू, मलाही माझा अभिमान वाटतो. मी त्या खांबाला टेकत नाही आता. आणि कुणी ताटावर हात धरला की मी त्याला एकदाच विचारते, बास म्हणाला तर ऐकते. तुमची रीत चालू आहे म्हटलं, ती एवढी सोडून.

परवा पितरांच्या पंधरवड्यात तुमचं पान वाढलं. दरसाल शीग लावून वाढते. यंदा विचार केला, माणूस खाऊन खाऊन धाप लागून गेला, त्याला तरी आता बेतानं वाढावं. एकच धपाटं, चमचाभर आमटी, थोडा भात. मोठ्या ठसक्यात पत्र्यावर ठेवलं. कावळा लगेच आला, खाऊन गेला. आई म्हणाली, "बघ, त्येनलाबी पटलं." मी मान डोलावली.

मग त्या रिकाम्या पानाकडं माझं लक्ष गेलं आणि तो पाहुणा आठवला. आई आत गेल्यावर मी गुपचूप आणखी दोन धपाटी नेऊन ठेवली, आण्णा. वर तूपही घातलं.