साखळी वाकली तिथे

सोमवार, १९ ऑक्टोबर १९८७

बाबा,

आधी तुमचा आशीर्वाद मागते आणि मग एक प्रश्न विचारते. पूर नदीची वाळू उकरून नेतो आणि परत आणूनही ठेवतो. ती परत येते ती नेमकी केव्हा? पाणी चढताना, उतरताना, की अगदी शेवटी, गढूळ पाणी घोट्याएवढं उरल्यावर? आजोबांनी मला हे सगळ्या गावासमोर विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही.

आणि तरी आपण जिंकलो, बाबा. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही पत्र मध्येच ठेवून देणार नाही.

घरी सगळे बरे आहेत. ऑगस्टच्या चुबास्कोने, त्या वादळी पावसाने, गोठ्याचं ताडपानांचं छप्पर नेलं, पण शेळ्या वरच्या खडकावर होत्या म्हणून वाचल्या. त्यानंतर एवढा चारा उगवला की आईला चीज ठेवायला जागा पुरत नाही. चोन मावशीचे गुडघे दुखतात, जीभ ठणठणीत आहे. नाताळला तुम्ही पाठवता ती सुक्या माशांची पिशवी दर वर्षी पोचते. आई दर वेळी ती उलटी करून झटकते, आत चिठ्ठी आहे का बघायला. मी हे सांगणार नव्हते.

ज्या गोष्टीबद्दल मी आजवर एकाही पत्रात लिहिलं नाही, तीच आज लिहायची आहे. मी बारा वर्षांची होते तेव्हा तुम्ही झऱ्यापासून गावापर्यंत पाण्याची नळी टाकलीत. एरवी कोरडी असणारी नदी ओलांडताना ती वाळूत कमरेएवढी खोल पुरलीत. मी तुमच्यासाठी कॉफी घेऊन यायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "लिब्रादा, आता तुझ्या आईच्या डोक्यावरचा डबा उतरला." मग चुबास्को आला. पाणी ओसरल्यावर सगळे नेहमीसारखे गाढवी बघायला गेले. नदीच्या मधोमध उभा असलेला आपला तो काळा खडक. त्याच्या पोटाला वाळू टेकलेली होती, दर वर्षी टेकते तशीच. म्हणजे नदीचा तळ जागच्या जागी. मग नळीसाठी खणलं, या काठापासून त्या काठापर्यंत, कमरेच्याही खाली. एक तुकडा सापडला नाही.

"वाळू हललीच नाही, तर नळी गेली कुठे?" असं पहिल्यांदा कोण म्हणालं, ते तुम्हाला माहीत आहे. मला पुष्कळ वर्षं माहीत नव्हतं. मला वाटायचं, दुकानदार ब्रिहिदो. आईच्या वडिलांनी, म्हणजे आजोबांनीच, डॉन तेलेस्फोरोंनी ते म्हटलं, हे मी ला पास शहरात शिकायला निघाले त्या दिवशी आईने मला सांगितलं. नळी तुम्ही पुरलीच नाही, किनाऱ्यावर नेऊन विकली, असं पंचायतीचे सभापती असलेल्या त्यांनीच म्हटल्यावर दुसरं कोण काय बोलणार? त्याच आठवड्यात तुम्ही चीजच्या ट्रकमध्ये चढलात आणि कारखान्यात कामाला गेलात, ते परत आला नाहीत.

विद्यापीठात तिसऱ्या वर्षी सरांनी फळ्यावर एक साधी आकृती काढली. वाळूत उभी पुरलेली साखळी. खालचं टोक वजनाला बांधलेलं, वरचं टोक वाळूच्या पातळीला. पूर जिथपर्यंत वाळू नेईल, तिथपर्यंत साखळी उघडी पडते आणि प्रवाहाबरोबर आडवी होते. मग वाळू परत येऊन तिला झाकते. नंतर खणायचं. साखळी जिथे वाकली, तिथवर नदी रिकामी झाली होती. वरून काहीही दिसो. बाबा, मी तो तास संपेपर्यंत वहीत एक अक्षर लिहिलं नाही. मला फक्त आपली गाढवी दिसत होती.

या वर्षी पंचायतीने नवी नळी टाकायचं ठरवलं. तिथेच, तेवढ्याच खोलीवर. मी जूनमध्ये घरी आले ती साखळ्या घेऊनच. लोखंडी पाइप वाळूत ठोकायचा, त्यातून साखळी सोडायची, पाइप उपसून काढायचा. अशा पाच साखळ्या, तुमची नळी जिथून गेली होती त्याच ओळीत. चोन मावशी काठावर बसून बघायची.

"काय गं, वाळूला बांधून ठेवतेस? पळून जाईल म्हणून?"

"पळतेच ती, मावशी. आपण झोपलेलो असताना जाते, उठायच्या आत परत येते."

"अगंबाई! मग ती वाळू नाही, माझा नवरा आहे."

चुबास्को आला, नदी दोन दिवस गर्जत राहिली. ओसरल्यावर सगळे गाढवीकडे गेले. वाळू पोटाला टेकलेली. ब्रिहिदो म्हणाला, "झालं शिक्षण? तळ तिथेच आहे." मी म्हटलं, वाळूतलं पाणी जरा खाली जाऊ दे, मग सगळ्यांसमोर खणू.  आणि खणायच्या दिवशी आजोबांनी स्वतः सगळ्या पुरुषांना फावडी घेऊन बोलावून आणलं.

मधली साखळी आधी. गुडघ्यापर्यंत खणलं, काही नाही. कमरेपर्यंत, काही नाही.  ब्रिहिदो हसला. "पोरी, बापाने तुझी साखळीपण विकली वाटतं!" दोघं तिघं हसले. मी काही बोलायच्या आत आजोबांचा आवाज आला. "तोंड बंद. खण."

कडेला ताडाचे ओंडके लावले, पाणी डब्यांनी उपसलं. खड्डा डोक्याएवढा खोल गेल्यावर फावडं खणकलं. साखळी आडवी पडली होती, समुद्राकडे तोंड करून, झोपल्यासारखी. आणि मग एका कडीपासून सरळ खाली. मी हातांनी वाळू बाजूला केली, तो बाक मोकळा केला, आणि वर बघून म्हटलं, "आजोबा, तुम्ही खाली या."

त्यांनी टोपी काठावर ठेवली आणि उतरले. या वयात. खड्ड्यात उभे राहिले तर वाळू त्यांच्या डोक्याच्या वर. त्यांनी वाकून त्या बाकाला हात लावला.

"इथपर्यंत रिकामं झालं होतं?"

"हो."

"आणि वरचं हे सगळं?"

"नंतर आलेलं. नवं."

"तुझ्या बापाची, इलारियोची नळी कुठे असेल?"

मी त्यांच्या कमरेशी बोट टेकवलं. त्यांनी तिथे हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.  मग त्यांनी तो प्रश्न विचारला, सुरुवातीला लिहिला तो. वाळू परत केव्हा आली?

"माहीत नाही, आजोबा."

"एवढं शिकलीस आणि माहीत नाही?"

"साखळी खोली सांगते, वेळ सांगत नाही. जे मोजलं नाही ते मी कसं सांगू?"

त्यांनी मान वर केली. वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला मात्र अकरा वर्षं सगळं माहीत होतं."

बाकीच्या चारही साखळ्या त्यांनी खणायला लावल्या. काठाजवळच्या दोन थोड्या वर वाकल्या होत्या, पण तुमच्या नळीच्या खोलीपेक्षा पाचही खाली. शेवटच्या खड्ड्याशी ब्रिहिदो माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्हणजे ती नळी समुद्रात गेली." चोन मावशी ओरडली, "जा, शोधून आण! पोहता येतं ना?" आणि बाबा, सगळी नदी हसली. आईसुद्धा. मी तिला असं हसताना कधी ऐकलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी पंचायत बसली. नवी नळी खालच्या खडकात खाच पाडून बसवायची, खडक जिथे वर आहे त्या अरुंद जागी. आणि काम इलारियो मारोन यांच्या हाताखाली करायचं. हा ठराव आजोबांनी मांडला. सगळे हात वर गेले. चर सुरू झाला आहे. हिवाळी पाऊस येण्याआधी नळी बसायला हवी, आणि खडकात खाच पाडणारा तुमच्यासारखा माणूस आमच्याकडे दुसरा नाही.

मला ला पासला नोकरी मिळते आहे. घेईन. पण आधी आणखी साखळ्या पुरणार आहे, वरच्या तीन गावांत. मोजल्याशिवाय कोणावर आळ येऊ नये, एवढंच मला या शिक्षणातून करायचं आहे.

आईने निरोप दिलेला नाही. तिने तुमच्या जुन्या चामडी जोड्यांना नवे तळ लावून घेतले आणि माझ्या हातात दिले.

आता राहिलेलं सांगते. पाकिटावर तिकीट नाही, हे तुम्ही पाहिलं असेल. समोर उभी राहिले असते तर रडले असते आणि यातलं काहीच नीट सांगता आलं नसतं, म्हणून हे पहारेकऱ्याच्या हाती आत पाठवते आहे. येऊ की नको हे तुम्हाला विचारलं नाही. परवा चीजच्या ट्रकने निघाले, पुढे बसने. तुमची कामाची पाळी सुटेपर्यंत बसून राहीन.

तुमच्या कारखान्याच्या फाटकाबाहेरून, जोडे मांडीवर घेऊन,

तुमची
लिब्रादा मारोन