मामंजी, पाणी कढत होतं

प्रिय मामंजी,

आज पीठ फुगलं!

बाकी काही लिहिण्याआधी हेच लिहिते, कारण तुम्हाला कधी एकदा सांगते असं मला दुपारपासून झालंय. सकाळी मळून परातीत झाकून ठेवलेला गोळा दुपारपर्यंत दुप्पट झाला. वरचं ओलं फडकं त्यानं उचलून धरलं होतं. बोट दाबलं तर खळगा पडला आणि हळूहळू भरून आला. अगदी तुम्ही सांगायचात तस्सं! मी तिथंच परातीपाशी बसून रडले. आत्याबाईंना वाटलं, सुनेचा हात भाजला.

सासऱ्याला 'प्रिय' लिहायची आपल्यात रीत नाही, ठाऊक आहे मला. आधी 'तीर्थरूप' लिहून सुरुवात केली होती. पण तसं लिहिलं की खालमानेनं खुशाली कळवण्यापलीकडं काही सुचेना. आणि मला जे सांगायचंय ते खुशालीतलं नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, घरात आलेलं प्रत्येक पत्र तुम्ही माझ्याकडूनच वाचून घ्यायचात. म्हणून हे लिहून झालं की मी भट्टीपाशी बसून मोठ्यानं वाचणार आहे. कुणी हसलं तर हसू दे.

लढाईच्या काळात तुम्ही कैद्यांच्या छावणीत भटारखान्यात कामाला होतात. ती गोष्ट या घरात आल्यापासून मी किती वेळा ऐकली असेल? तिथं इटलीचे कैदी होते आणि त्यातला जोसप तुमच्याबरोबर पीठ मळायचा. एका दिवशी त्यानं त्याच्या आईची भाकर केली. वर टमाटा, म्हशीच्या दुधाचं चीज आणि तुळशीसारखा कसलातरी पाला. पिझ्झा म्हणायचं तिला. त्यानं ती मधोमध तोडली, अर्धी तुम्हाला दिली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, घरी गेलास की तुझ्या माणसांना करून घाल.

"आन त्यो रडला बग, सूनबाई. एवडा धिप्पाड गडी, खाता खाता रडला," असं तुम्ही म्हणायचात. मग पंचानं स्वतःचेच डोळे पुसायचात.

पण लढाई संपून पंधरा-सोळा वर्षं झाली तरी ते राहूनच गेलं होतं. आपल्याकडं भात पिकतो, पीठ फुगवणारं खमीर कुठून आणायचं? पौडला बेकरी निघाली आणि पहिल्यांदा तुम्ही तिच्या दारात उभे राहिलात, त्या दिवशी घरी आलात ते पावाच्या वासाच्या गप्पा मारतच. दुसऱ्या दिवसापासून खळ्याच्या कडेला दगड, वारुळाची माती आणि भाताचा भुसा गोळा व्हायला लागला. तुमचे चिरंजीव मला हळूच म्हणाले, "आबांनी ह्ये काय काडलंय?" भट्टी मात्र झकास झाली. पहिल्या पावसात एक चीर पडली नाही तिला.

तुमचे हात कापायचे. कप धरला तरी चहा बशीत सांडायचा. म्हणून मळायचं काम माझ्याकडं आलं. किती विश्वासानं दिलंत! "आमच्या सूनबाईच्या भाकरीचा पापुद्रा बगा," असं तुम्ही पाहुण्यारावळ्यांना सांगायचात. मला भारी वाटायचं. खरं सांगायचं तर थोडी शेफारलेच होते मी.

सून चुलीपाशी बसलेली असली की सासऱ्यानं आत यायचं नाही. तुम्ही उंबऱ्याबाहेर खोकून उभे राहायचात आणि तिथूनच सांगायचात. "पानी कोमट घे. मीठ बेतानं. लई येळ मळ, हाताला चिकटायचं थांबंस्तवर."

मी मनात म्हटलं, पीठ मळायला मला आता पुरुषमाणसानं शिकवायचं?

लहानपणापासून मी तांदळाची भाकरी थापतेय. माझ्या माहेरी, माणला, मी परकरी होते तेव्हापासून. तांदळाच्या पिठाला कढत पाणीच लागतं, नाहीतर भाकरी तडकते. हात त्याच वळणाला पडलेला. मी चुलीवरचं आधणाचं पाणी मैद्यात ओतलं, उलथन्यानं हलवलं, गरम गरमच मळलं आणि त्यात पौडहून आणलेला खमिराचा गोळा घातला. पीठ कसं लोण्यासारखं मऊ झालं होतं! मी खूश. तुम्ही बाहेर टमाटे कुस्करत बसला होतात.

ते फुगलं नाही. संध्याकाळी भट्टीत घातलं तर चामड्यासारखं झालं. पोरांनी वरचं वरचं खाल्लं. आत्याबाईंचा तर आधीच संताप झाला होता, कारण तुम्ही धनगरवाड्यावरून आणलेल्या दोन शेर म्हशीच्या दुधात लिंबू पिळून ते मुद्दाम नासवलं होतंत. "धडधाकट दूद कुनी नासवतं व्हय? लक्षुमी ऱ्हाईल का घरात?" त्यात तुम्ही वर घालायला तुळशीला हात लावलात! मग तुम्हाला गुपचूप सब्जाची पानं आणावी लागली. तुमची आणि त्यांची ती भांडणं आता घरात नाहीत. फार सुनं वाटतं हो.

दुसऱ्या वेळी, शिमग्याच्या सुमाराला, तुम्ही उंबऱ्याबाहेरून पुन्हा म्हणालात, कोमट घे. मी ऐकलं. आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कोमट पाण्यानं पीठ कच्चं राहील, मामंजींना काय कळतं, असं मला खरंच वाटत होतं. पुन्हा चामडं! तुमचे चिरंजीव हसत म्हणाले, "आबा, जाऊ द्या. तुमी कायतरी इसरलात."

तुम्ही हसला नाहीत. बोटांवर काहीतरी मोजत बसलात.

तिसरी वेळ मला विसरता येत नाही. भात झोडून झालं होतं. तुम्ही आदल्या दिवशीच पौडला चालत जाऊन खमीर आणलंत, एसटीची वाटसुद्धा बघितली नाहीत. दुपारी गोळा तसाच पडलेला बघितलात आणि पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत एक पाय टाकलात. "सूनबाई, पानी कोमटच घेतलं हुतंस न्हवं?"

मी म्हटलं, "व्हय."

एवढंच. चटकन तोंडातून गेलं. का गेलं? भीती नव्हती, तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत माझ्यावर. गेलं ते माझ्या तोऱ्यापायी. आणि तुम्ही मान हलवलीत, पाय मागं घेतलात आणि म्हणालात, "मग माजंच चुकलं. इसरलो मी."

मामंजी, तुम्ही मला एकदा तरी का नाही रागावलात? का नाही म्हणालात, दाव बघू ते पाणी? एक बोट घातलं असतंत पातेल्यात! माझ्यावर एवढा भरवसा आणि स्वतःवर काहीच नाही?

त्यानंतर तुम्ही पंचाच्या टोकाला गाठी मारायला लागलात, काही विसरू नये म्हणून. नातवंडांना विचारायचात, आज वार कोणता? पोरांनी सांगितला की तोंडातल्या तोंडात म्हणायचात, बराबर. मला तेव्हा वाटलं, म्हातारपण.

आणि मग बबन आणि खंडूचं प्रकरण झालं. चुलतभाऊ ते, दोन वावरांमधला बांध पावसात वाहून गेला आणि हद्दीचा दगड गाळाखाली गेला. वाडीतली प्रत्येक हद्द तुम्हाला तोंडपाठ. याआधी अशा भांडणात तुम्ही नुसते चालत जायचात, पाय रोवायचात आणि तिथं वाद मिटायचा. दोघंही तुमच्याकडं आले. ओट्यावर बसले. मी चहा घेऊन दारात उभी होते.

"मला इचारू नका, बाबांनो," तुम्ही म्हणालात. "माज्या डोस्क्याचा आता भरवसा न्हाई."

ते गेल्यावर तुम्ही तसेच बसून राहिलात. मी रिकाम्या कपबश्या उचलायला आले तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणालात, "तिसऱ्या करंजाच्या झाडापासनं उगवतीला सात पावलांवर त्यो दगड. मला तर असंच आठवतंय. पर खोटं निगालं तर? एकाद्याची जमीन जायाची माज्यापायी." त्या दोघांचं बोलणं तेव्हापासून बंद आहे. एका आळीत राहतात आणि एकमेकांच्या दारावरून जायला नको म्हणून ओढ्याकडून फिरून जातात.

थंडीत तुम्ही गेलात. चार दिवसांचा ताप. जाण्याआधी म्हणालात, "ती भट्टी मोडा, जागा आडतीया." कुणीच मोडली नाही. आत्याबाईंनी तर तिच्यात कोंबडी बसवली!

आता मला हे कळलं कसं, ते सांगते. गेल्या महिन्यात फळी आवरताना बेकरीवाल्या हमीदाभाभींचा खमिराचा डबा सापडला. परत द्यायला पौडला गेले. त्यांनी तुमची आठवण काढली. आत्याबाईंनी तुळशीची पानं तोडू दिली नाहीत म्हणून तुम्ही हसत हसत त्यांच्या दारातला सब्जा तोडून न्यायचात, तो अजून हिरवागार आहे. मग त्यांनी विचारलं, "म्हाताऱ्याचं जमलं का शेवटी?"

मी म्हटलं, न्हाई.

"असं कसं? म्या तर दर खेपंला ताजं खमीर दिलं. पानी कसलं घेत हुतीस?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं बाई, कढत? मेलं की ते! खमीर जितं असतंय. लेकराच्या आंगोळीला घेतो, तेवडं कोमट पायजे."

पौडहून घरापर्यंत मी चालत आले. एसटी समोरून गेली, हात केला नाही.

लगेच करून बघायचं होतं, पण भट्टीत कोंबडी अंड्यांवर बसलेली! आत्याबाई तिला हलवू देईनात. पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबले. कालच अकरा पिल्लं घेऊन ती उतरली आणि आज मी भट्टी झाडली, लाकडं पेटवली. पौडहून ताजं खमीर मागवलं होतं. पाणी कोमट घेतलं. घेण्याआधी तीनदा बोट घालून बघितलं. टमाटे हातानं कुस्करले, त्यात मीठ, लसूण आणि तुम्ही घालायचात ते खुरासणीचं तेल. दूध मीच नासवलं. आत्याबाई बघत होत्या, या वेळी त्यांनी अडवलं नाही. निखारे कडेला सारून भाकर आत सरकवली आणि बघता बघता तिच्या कडा वर आल्या, जागोजागी फोड धरले, वरचं चीज मऊ झालं. खमंग वास आळीभर गेला.

मी ती मधोमध तोडली. पहिली अर्धी आत्याबाईंच्या ताटात वाढली. उरलेल्या अर्धीचे तुकडे करून यांना आणि पोरांना दिले.

खाता खाता तुमचे चिरंजीव म्हणाले, "लई झ्याक झालीया. ह्ये आबांला का जमलं न्हाई?"

मी पदर नीट केला आणि सगळ्यांसमोर सांगितलं. "मामंजींला जमत हुतं. मी कढत पानी घालत हुते. त्यांनी इचारलं, तवा खोटं बोलले."

यांनी हातातला घास ताटात ठेवला. 'तुमी कायतरी इसरलात' हे त्यांना आठवलं असणार. आत्याबाईंनी तोंडातला घास संपवला. मग म्हणाल्या, "त्ये जिते असताना सांगायला पायजे हुतंस."

बरोबर बोलल्या. याहून खरं मला कुणी काही बोलू शकत नाही. रडायलाही तोंड नव्हतं मला. मग त्यांनीच विचारलं, "आनखी हाय का?" मी दुसरी भाकर भट्टीत सरकवली.

आणि मी तिथंच करंजाचं, सात पावलांचं सांगितलं. म्हटलं, उद्या मी बबनभावजी आणि खंडूभावजींना बांधावर बोलावणार आहे. बाईमाणूस हद्दीचं काय सांगणार, असं म्हणतील. म्हणू देत. हे म्हणाले, "पर पावलं कुनाची टाकायची? आबांची टांग लांब हुती. तुजी सात आन त्येंची सात येगळी."

खरंच, तुमचं पाऊल आता आणायचं कुठून?

आत्याबाईंनी हात धुतला, पदराला पुसला आणि म्हणाल्या, "म्या टाकते. चाळीस वर्सं त्येंच्या मागनं चालले. त्येंचं पाऊल मला ठावं न्हाई, तर कुनाला?"

मामंजी, उद्या उजाडल्यावर आम्ही दोघी जाणार आहोत. त्या पुढं, पहार घेऊन मी मागं. तुम्हाला शब्द देते, तिथं उभी राहून मी आधी माझं खोटं सांगीन आणि मग तुमचं खरं. नंतर खणायला लावीन. दगड तिथंच असणार. तुम्ही काहीसुद्धा विसरला नव्हतात.

तुमची चुकलेली,
सूनबाई